पुजलेला फिल्टर, गुदमरलेला फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना डिझेल फिल्टर आहे आणि मी भयंकर रागावलेलो आहे. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मध्येच म्हणाल, हा पत्र्याचा डबा एवढा का तडतडतोय?

दिसायला मी तांब्याएवढा. पोटात कागदाच्या घड्याच घड्या. गाडीच्या टाकीतलं डिझेल इंजिनात जाण्याआधी माझ्या पोटातून जातं. कचरा मी अडवायचा, पाणी बुडाशी धरून ठेवायचं आणि इंजिनाला स्वच्छ घोट पाजायचा. काम साधं, पण फार घाणीचं.

माझा मालक रणधीर, लोहारा तालुक्यातल्या माकणीचा. त्याची पांढरी पिकअप दूध, कडबा, शेळ्या, काय म्हणाल ते वाहायची. महेबूब मिस्त्रींनी मला तिच्यात बसवलं तेव्हाच बजावलं होतं, "रणधीर, ह्याच्या बुडाचं पाणी सोडत जा, आन् वक्तावर बदल. गरीब हाय, बोलत न्हाय, पर समदी घाण ह्योच गिळतो."

"व्हय भाई," रणधीर म्हणाला. तो नेहमीच 'व्हय भाई' म्हणायचा.

सुरुवातीला मी तरणाबांड होतो. गाडी चढावर अशी सुटायची की मागे बसलेल्या शेळ्यांच्या दाढ्या वाऱ्याने सरळ व्हायच्या. लोक म्हणायचे, "रणधीरची गाडी म्हंजे नुसता वारा!" कौतुक गाडीचं, कौतुक रणधीरचं. माझं नाव कुणाच्या तोंडी नाही. तेही मी सोसलं.

पण पुढे रणधीर शेतातल्या कॅनमधलं डिझेल ओतू लागला. तो कॅन पावसात उघडा पडलेला असायचा. गाळ, गंज, पाणी, सगळं माझ्या पोटात. एकदा तर त्यातून बेडकाचं पिल्लू आलं. हसू नका! ते पावसाळाभर माझ्या घडीत राहिलं. ते डरावलं की रणधीरला वाटायचं, पट्टा कुरकुरतोय. बिचाऱ्याने चांगला पट्टा बदलला, पण मला काही बदललं नाही. बरं, बेडकावर विश्वास ठेवू नका हवं तर. पण गाळ खरा होता. चढावर गाडी आचके देऊ लागली, तेही खरं होतं.

दसऱ्याच्या तोंडावर मिस्त्रींनी नवा फिल्टर रणधीरच्या हातात दिला. "आण गाडी, आत्ताच बसवतो."

"खंडेनवमी हाय की भाई परवा. पुजतो आन् मग बसवतो."

खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, कोयते, पान्हे, गाड्या यांची पूजा होते. रणधीरने गाडी धुतली, बॉनेटला झेंडूची माळ घातली आणि नव्या फिल्टरला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं. वरून मूठभर अक्षता टाकल्या. फिल्टरच्या डोक्यावर भोकं असतात. अक्षता सरळ भोकांत!

मला वाटलं, सुटलो. पण पुजलेली वस्तू लगेच डिझेलात कशी बुडवायची, असं रणधीरच्या मनात आलं. त्याने तो फिल्टर स्टेअरिंगपुढच्या फळीवर, सोनारीच्या काळभैरवनाथाच्या फोटोशेजारी ठेवला आणि तो तिथेच राहिला. मी खाली अंधारात गाळ पितोय आणि हा वर कुंकू लावून काचेतून गावं बघतोय! गाडीत बसणारे त्याच्याही पाया पडू लागले. तुमचं डोकं फिरलं नसतं?

मग ती सकाळ आली. रणधीरच्या शेजारी विठाबाई राहतात. दावणीला एकच म्हैस. तिच्या दुधावर त्यांचं घर चालतं. रणधीरच ते दूध रोज डेअरीला पोचवतो. म्हैस विताना अडली होती. लोहाऱ्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "रेडकाचा पाय मुडपला असंल. मला इथून हलता येत न्हाय. लगेच घेऊन या."

गाडीत कडब्यावर म्हैस आडवी घातली. विठाबाई तिच्या मानेशी बसल्या. गाडी निघाली आणि गावाबाहेरच्या चढावर माझा श्वास संपला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

रणधीर खाली उतरला आणि गाडीवरून लिंबू ओवाळू लागला! "काकू, नजर लागलीय गाडीला."

"नजर? आरं मुडद्या, बॉनेट उघड आधी!"

त्याने उघडलं. मला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "फिल्टर चोंदलाय."

"मग बदल की."

"नवा फिल्टर..." त्याची नजर फळीकडे गेली.

"त्यो काय, नवरदेवावानी बसलाय तुज्यापुढं!"

"त्यो पुजलेला हाय, काकू. देवापुढनं कसा उचलायचा?"

"देवाला काय डिझेल गाळायचंय व्हय रं? माझी म्हस मराय लागलीय, आन् तू डब्याचं सोवळं सांभाळ!"

रणधीर मला पिळू लागला. मी गंजून घट्ट बसलो होतो. हात नुसता घसरत होता. विठाबाईंनी म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, माझ्याभोवती दोन वेढे दिले आणि रवी ओढावी तसा हिसका मारला. मी सुटलो. माझ्या पोटातून कोऱ्या चहासारखं काळं पाणी रस्त्यावर सांडलं. विठाबाई त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

नवा उलटा केला तर भोकांतून तांदूळ पडले. तळहातावर आपट, फुंक मार, काडीने टोकर, तरी एखादा दाणा आत खुळखुळायचाच. मागे म्हैस कण्हत होती आणि इथे गाडीचा मालक अक्षता वेचत होता! मी रस्त्यावर पडल्या पडल्या त्याला शिव्या घातल्या, पण पत्र्याची भाषा कोण ऐकतं?

शेवटी रबराला डिझेलचं बोट लावून त्याने नवा फिल्टर हाताने आवळला. वरचा छोटा पंप दाबून दाबून आतली हवा काढली. मला उचलून गाडीत पायाशी टाकलं. चावी फिरवताच गाडी गुरगुरली आणि सुटली.

म्हैस वाचली. रेडकू मेलेलंच बाहेर आलं.

"जरा आधी आणलं असतं, तर जगलं असतं," हात धुताना डॉक्टर म्हणाले.

"नशीब, काकू," रणधीर पुटपुटला. "आपल्या हातात काय असतंय?"

विठाबाई उठल्या. पिकअपमध्ये पायाशी मी पडलो होतो. मला उचलून त्यांनी त्याच्या हातात कोंबलं. "ह्ये होतं तुज्या हातात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोठ्याच्या खांबाला तारेने टांगलं. मी अजून तिथेच आहे. रेडकाविना म्हैस पान्हा सोडत नाही. सकाळी ती दाराकडे तोंड करून रेकते, ते ऐकवत नाही. रणधीर दुधाचा कॅन घेऊन येतो, उभा राहतो आणि रिकामाच परत जातो.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिची पूजा जरूर करा, माळा घाला, पेढे खा. पण त्याआधी कुणालातरी बॉनेट उघडायला लावा. मोठी माणसं म्हणतील, "बघू की नंतर." तेव्हा त्यांच्यावर रागवा. मोठ्यांवर रागवू नये असं शाळेत शिकवतात, ठाऊक आहे मला. पण दारात उभे राहा, चावी लपवा, हवं तर जेवू नका, आणि ते बॉनेट उघडेपर्यंत राग सोडू नका.