कुंचीच्या माथ्यावरचा टाका

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. डाळिंबाची बाग आहे. भर दुपार. झाडाचं एक पानसुद्धा हलत नाही. बागेच्या मधोमध एक बुजगावणं उभं आहे. त्याला बांबूचे हात आहेत, फाटका शर्ट आहे, डोक्याच्या जागी एक लहानसं गाडगं आहे आणि गाडग्यावर चुन्याने काढलेले दोन डोळे. त्या गाडग्यावर मात्र तान्ह्या बाळाची लाल खणाची कुंची बांधलेली आहे. लांबून पाहिलं तर वाटतं, कुणीतरी आपलं लेकरू उन्हात एकटं उभं करून विसरून गेलंय.

आता तुमच्या धाकट्या भावाला हाक मारा. वारा नसताना ते बुजगावणं तुमच्याकडे वळलं का? घाबरू नका. ती कुंची म्हणजे मीच.

मी एक जुनी कुंची आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी कुंची पाहिली नसेल. बाळाचं डोकं, कान आणि पाठ झाकणारं ते एक पांघरूण असतं. वर टोपीसारखं गोल, खाली पाठीवर झालर, हनुवटीखाली बांधायला नाडी आणि कडेला गोंडे. पूर्वी आमच्या आटपाडीकडे बारशाला बाळाच्या अंगावर कुंची हवीच असे, आणि ती आत्तीने, म्हणजे बापाच्या बहिणीने, आपल्या हाताने शिवलेली असे.

मला धोंडुबाईंनी शिवलं. नवरा गेल्यावर त्या भावाच्या, आप्पासोंच्या, वस्तीवर राहायला आल्या होत्या. आप्पासोंना पहिलं मूल झालं, तेव्हा धोंडुबाईंनी आपल्या लग्नातल्या चोळीचा खण उसवला. आतून लावायला आईचं जुनं लुगडं काढलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. माप घ्यायला त्यांनी फीत घेतली नाही. बाळाच्या डोक्यावर अलगद तळवा ठेवला, डोळे मिटले आणि तोच हात तसाच कापडावर आणून ठेवला. माझ्या चुण्या त्यांनी एकेक करून चिमटीत धरल्या. सगळ्या शिवणी त्यांनी खण आणि अस्तर यांच्या मध्ये लपवल्या, म्हणजे बाळाच्या कातडीला एकही टाका लागायचा नाही. अशी शिवण उलटून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि उलटून कुणी पाहत नाही.

एक टाका मात्र त्यांनी मुद्दाम शिल्लक ठेवला. सगळ्या चुण्या माथ्यावर जिथे एकत्र येतात, बरोबर बाळाच्या टाळूवर, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढं भोक ठेवायची त्यांच्या घराण्यात रीत होती. बारशाला आत्तीने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि लगेच सुईदोरा घेऊन ते भोक बंद करायचं. नाव आत गेलं, आता बाहेर जायचं नाही, असं त्या मानत. त्याला त्या नावाचा टाका म्हणत.

माझा नावाचा टाका राहून गेला.

पाळणा बांधून झाला होता, घुगऱ्या भिजत घातल्या होत्या, आणि बारशाच्या आदल्या दिवशी त्या मुलीला ताप भरला. ती गेली. नाव ठरलेलं होतं. ते धोंडुबाईंच्या ओठांतच राहिलं.

मित्रांनो, नाव नसलेलं मूल कुठे जाईल? त्याला कुणी हाक मारून बोलवत नाही आणि कुणी निरोपही देत नाही. त्या दिवसापासून मी कधी चपटी झाले नाही. मला घडी घाला, उशीखाली दाबा, ट्रंकेत कोंबा. बाहेर काढलं की माझा डोक्याचा भाग पुन्हा गोल गरगरीत उभा राहायचा. आत कुणीतरी असल्यासारखा.

धोंडुबाईंनी मला ट्रंकेत ठेवलं नाहीच. दारातल्या खिळ्याला अडकवलं. माझ्यावरून बघून त्या दुसऱ्यांच्या बाळांच्या कुंच्या शिवू लागल्या. आटपाडीच्या बाजाराला आलेल्या बायका वाट वाकडी करून वस्तीवर यायच्या. धोंडुबाईंच्या कुंचीत पोर रडत नाही, असं त्या म्हणायच्या. मला बघून एखादी थट्टा करायची, "धोंडुबाई, ही रिकामी कुंची अशी फुगलीया कशी गं? आत कोन बसलंय काय?"

"बसलंय की," धोंडुबाई दोरा दातांनी तोडत म्हणायच्या. "तू हात लावू नगंस."

बायका हसायच्या. धोंडुबाई हसायच्या नाहीत.

पुढे दिवस पालटले. दुकानात बाळांचे तयार कपडे आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत, टोपी-मोज्यांसकट. कुंची जुनाट दिसू लागली. कराडजवळच्या मलकापुरातला एक दुकानदार एकदा आला होता. "मावशी, ढिगानं शिवून द्या. आतलं अस्तर आन् ते वरचं भोक बंद करायचं, सगळं ऱ्हाऊ द्या. भाइरनं दिसलं म्हंजी झालं," म्हणाला. धोंडुबाईंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. मग कुणीच येईना. माझ्या खिळ्याला मोबाईलच्या चार्जरची पिशवी आली आणि मी माळ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या बोचक्यात गेले.

आप्पासो थकले होते; त्यांचा मुलगा सूरज आता घरचा कर्ता होता. त्याची बायको माया, मुलगी प्रांजल. बागेत डाळिंबं भरली आणि पाखरं फार झाली, तेव्हा सूरजने बुजगावणं उभं केलं. "ह्येच्या डोक्याला कायतरी दे गं," तो म्हणाला. मायाने बोचक्यात हात घातला आणि तिच्या हाताला मी लागले. अशी मी बागेत आले. पाखरं माझ्या झाडांवर बसायची थांबली. बाग अगदी मुकी झाली. सूरज खूश झाला.

धोंडुबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं होतं. आणि त्यांच्या हातात नवी कुंची होती, कारण मायाला पुन्हा दिवस गेले होते. सूरजला बहीण नाही, तेव्हा आत्तीचा मान धोंडुबाईंचा, असं सगळे धरून चालले होते. दिसत नव्हतं तरी बोटांनी चाचपून चाचपून त्यांनी ती कुंची पुरी केली. वाढत्या अंगाची, सैल, हिरव्या खणाची.

बारशाच्या दिवशी काय झालं, ते प्रांजलच्या तोंडून मला नंतर कळलं.

"आत्ती, लय झाक झालीया वो," माया म्हणाली. घरातले सगळेच त्यांना आत्ती म्हणत. "पर आतनं टोचंल बाळाला. एक फोटू काढू आन् जपून ठिवू, काय?"

"फोटूपुरती?" धोंडुबाईंनी विचारलं.

"तसं न्हवं वो. ही बगा, ऑनलाइन मागवलीया. सशाचं कान हायती हिला. धुवायला बी सोप्पी."

सूरज हसला. "आत्ती, उगं डोळं फोडून घेतलंस गं. मशीनवर धा मिन्टांचं काम ते."

फोटो निघाल्यावर धोंडुबाईंनी हिरवी कुंची चाचपत उचलली, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. मग सशाच्या कानांच्या टोपीशी वाकून त्यांनी बाळाचं नाव सांगितलं. समर्थ.

त्याच घटकेला इकडे बागेत माझ्या माथ्यावरच्या भोकातून ते नाव आत शिरलं. गाडगं आतून घुमलं. मी घराकडे वळले. खरं सांगते मित्रांनो, मी होऊन वळले नाही. माझ्या आत जी होती, ती वळली.

बाळ वाढू लागलं. टाळी वाजवली की बघायचं, भांडं पडलं की दचकायचं, कुत्रं भुंकलं की हसायचं. पण समर्थ म्हणून हाक मारली, की त्याचे डोळे कुठेतरी लांब लागायचे. आपल्याला कुणी बोलावतंय, हे त्याच्या गावीच नसायचं. ते बसायला लागलं, रांगायला लागलं, तरी तसंच. सांगलीच्या डॉक्टरांनी प्रेमाने तपासलं. कान उत्तम आहेत म्हणाले, आणि ते खरंच होतं. माया घरी येऊन पदराने डोळे पुसत बसली. "माज्याकडं बगतच न्हाई वो त्ये. मी त्येला हाक मारली, तर परक्यासारखं करतंय," ती म्हणायची. धोंडुबाईंनी सुई सोडली होती आणि बोलणंही सोडल्यात जमा होतं.

पुढच्या हंगामात एके दिवशी माया बाळाला कडेवर घेऊन डाळिंबं तोडणाऱ्यांना पाणी द्यायला आली. प्रांजल बरोबर होती. ती मोठ्याने ओरडली, "समर्थ!"

बाळ मातीकडे बघत राहिलं. मी वळले.

प्रांजलचं तोंड उघडंच राहिलं. ती माझ्या पाठीमागे गेली. हळूच म्हणाली, "समर्थ."

मी पुन्हा वळले. चुन्याचे डोळे तिच्यासमोर आले. आणि माझ्या आतून, अगदी बारीक, झोपेतल्या बाळाने द्यावा तसा हुंकार आला.

"पप्पा, बुजगावणं वळतंय!"

"वाऱ्यानं फिरतंय गं येडे," सूरज लांबूनच म्हणाला.

वारा नव्हता. प्रांजल पळून जाईल असं मला वाटलं होतं. पण तिने टाचा उंचावल्या, नाडी सोडली, मला गाडग्यावरून काढलं आणि हात लांब धरून, जणू जिवंत कोंबडी नेतेय अशी, मला घरी नेलं.

"आत्ती, ह्ये बग. ह्येच्यात कोनतर हाय."

धोंडुबाईंची बोटं माझ्या चुण्यांवरून फिरली आणि माथ्यावर येऊन थांबली.

"बागंत हुतीस व्हय गं तू?" त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी हाक मारली, "आप्पा, हिकडं ये."

आप्पासो आले. मला बघून मटकन खाली बसले आणि गळ्यातला टॉवेल त्यांनी तोंडावर धरला. सूरज आणि माया दारात उभे होते.

"सूरजला भन न्हाई म्हनतासा समदी," धोंडुबाई म्हणाल्या. "हाय की. त्येची थोरली. ह्या लेकराची सक्की आत्ती. मान तिचा, आन् आमी तिला बागंत उबी केली पाखरं हाकाय. नाव सांगायचा हक्क तिचा हुता, म्हून तिनं नाव धरून ठिवलंय. सांगनार कशी? तिलाच कुनी नाव दिलं न्हाई."

दारात कुणी हसलं नाही. सूरजसुद्धा नाही.

कमरेची किल्ली काढून धोंडुबाईंनी ट्रंक उघडायला लावली. मायाने हिरवी कुंची बाहेर काढली. बाळाला घालण्याआधी तिचा हात पहिल्यांदाच आत गेला. ती बोटांनी शिवण शोधत राहिली. तिला ती सापडेना.

"कुटंच टोचत न्हाई वो आत्ती," ती हळू आवाजात म्हणाली आणि तिने ती बाळाला घातली.

धोंडुबाईंनी मला दोन्ही तळव्यांत धरलं, तान्ह्या मुलाचं डोकं धरावं तसं, आणि माझ्या कानाच्या जागी ओठ नेले. "भामा," त्या म्हणाल्या. "तुजं नाव भामा हाय, बाई."

खोलीत एकदम लुगड्याचा, दुधाचा आणि वेखंडाचा वास पसरला. माझं कापड कोमट झालं. मग त्यांनी मला बाळाच्या कानाशी नेलं. कुणी काही बोललं नाही. धोंडुबाईंचे ओठ मिटलेले होते, ते सगळ्यांनी पाहिलं. तरीही बाळाने मान कलती केली, आणि कुणीतरी कानात कुर्रर्र केल्यावर करावं तसं अंग आखडून खुदकन हसलं.

"घाल टाका आता," आप्पासो टॉवेलाआडून म्हणाले. "नाव मिळालं, जाऊ दे तिला."

सुईत दोरा प्रांजलने ओवून दिला. धोंडुबाईंनी माझ्या माथ्यावरचं भोक शोधलं आणि एका टाक्यात बंद केलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा चपटी झाले. त्यांच्या मांडीवर मी नुसतं एक जुनं कापड होऊन पडले. मला हलकं वाटलं, आणि थोडं एकटंही.

हिरव्या कुंचीचा टाका राहिला होता. धोंडुबाईंचा हात आता कापत होता. खाली बाळाची टाळू होती. त्यांनी सुई मायाकडे धरली. माया मागे सरली. सूरजने मान खाली घातली. मशीनवर दहा मिनिटांचं काम ते, पण त्या घरात तो एक टाका घालायला कुणाचा हात धजेना.

तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, कुणीतरी डोळे आणि बोटं झिजवून केलेली. तिला बोचक्यात टाकण्याआधी एकदा उलटी करून बघा. शिवण कुठे लपवली आहे ते शोधा. आणि करणारं माणूस अजून असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा.

प्रांजल तशीच जाऊन बसली. तिने आत्तीच्या हातातली सुई घेतली. डावा तळवा तिने भावाच्या टाळूवर, कापडाच्या आतून, अलगद ठेवला, म्हणजे सुई घुसलीच तर आपल्या हातात घुसावी. जीभ दातांत धरून तिने टाका घातला. तो जरा वाकडा आला. मग दोरा दातांनी तोडून, बाळाच्या पाठीमागे जाऊन, तिने हळूच हाक मारली, "समर्थ."

बाळाने वळून तिच्याकडे पाहिलं.

मायाने त्याला उचलून छातीशी धरलं. प्रांजल मात्र उठून दाराकडे गेली. खिळ्यावरची चार्जरची पिशवी तिने काढून खाली ठेवली, मला झटकून तिथे अडकवलं आणि परत येऊन, आत्तीच्या टोपलीतला खणाचा तुकडा मांडीवर पसरून म्हणाली, "आत्ती, पयली चुनी कुठनं धरायची?"