राणीसाठी चाळणी

घरात तिला सगळे चाळणी म्हणत, आणि हे नाव तिनेच ओढवून घेतलं होतं. नोकरी लागली तेव्हा काकांनी विचारलं, "तू तिथे नक्की करतेस काय?" हृदयाचे ठोके कागदावर उमटवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात ती फिल्टर डिझाइन करायची. तिने सोपं करून सांगितलं, "लहरींची चाळणी बनवते, काका. हव्या त्या पुढे सोडायच्या, नकोत त्या अडवायच्या." झालं! त्या दिवसापासून तिचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपुरतं उरलं.

ती मावशी-काकांकडेच राहायची. मागच्या अंगणात मावशीची मधपेटी होती, आणि सध्या सगळ्या घराचा जीव त्या पेटीत अडकला होता. गेल्या आठवड्यात जुनी राणीमाशी निम्म्या माशा घेऊन उडून गेली. आत नव्या राण्या कोषांत वाढत होत्या. त्यांतली पहिली बाहेर आली की तीही उरलेल्यांतल्या निम्म्या घेऊन जाणार, आणि मग पेटीचा कारभार आटोपलाच. उपाय एकच होता. नवी राणी बाहेर येऊन पीं-पीं करायला लागली की एक-दोन दिवसांत पेटी उघडायची आणि पोळ्यांच्या चौकटी दोन पेट्यांत वाटून टाकायच्या. त्याआधी उघडली तर कच्चे कोष दुखावतात, उशिरा उघडली तर हाती नुसती रिकामी फळकुटं.

चाळीस वर्षं मावशी पेटीला कान लावून ही पीं-पीं ओळखत आली होती. पण तीन वर्षांत तिच्या दोन पेट्या अशाच रिकाम्या झाल्या, आणि उरली ती ही एकच.

"हल्ली पेट्यांना लाकूडच फार जाड लावतात," मावशी म्हणाली. "आवाज बाहेर येईल कसा?"

पेटी वीस वर्षांची जुनी होती. काकांनी चाळणीकडे पाहिलं, चाळणीने काकांकडे, आणि दोघांनी चहाच्या कपात तोंड घातलं. मावशीच्या कानांचा विषय काढायची घरात कुणाची छाती नव्हती. दारावरची घंटा वाजली की काका मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "मीच जातो, तेवढेच पाय मोकळे होतील."

चाळणीच्या मनाने घेतलं की हे काम आपलं आहे. पेटीतल्या हजारो माशांची गुणगुण खालच्या पट्टीत असते, आणि राणीची पीं-पीं त्याच्या वर, सेकंदाला चारशेच्या आसपास कंपनांची. म्हणजे पेटीच्या फळीला एक छोटा माइक चिकटवायचा, चारशेच्या आजूबाजूचं तेवढं पुढे सोडायचं, बाकीच्याला दार बंद, आणि पलीकडे दिवा. राणी बोलली की दिवा लागेल. मावशीला कान लावायलाही नको आणि कुणी काही बोलायलाही नको. चाळणी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाली.

क्षीण आवाज वाढवणाऱ्या नखाएवढ्या दोन चिप, म्हणजे ऑप-अँप, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर एवढंच सामान. कुठली कंपनं पुढे जाणार हे रेझिस्टर आणि कपॅसिटर मिळून ठरवतात. तिचं गणित चोख होतं. कपॅसिटर पॉइंट एक मायक्रोफॅरडचा, रेझिस्टर तीन हजार नऊशे ओहमचा, उत्तर चारशे आठ. रेझिस्टर काढायला तिने खण ओढला. सगळे खण काकांनी लावलेले होते. काकांची हयात टपाल खात्यात पत्रं लावण्यात गेली होती आणि चुकीच्या गावाला त्यांनी एकही पत्र पाठवलं नव्हतं. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले तसे त्यांनी रंगांचा तक्ता मागून घेतला आणि चाळणीचे सुटे रेझिस्टर पट्ट्यांचे रंग बघून खणांत भरले. प्रत्येक खणावर वळणदार अक्षरांत चिठ्ठी. कारखान्यात ती मोजल्याशिवाय एक भाग जोडत नसे. घरी तिने चिठ्ठी वाचली, हात घातला आणि जोडून टाकलं. फळीवर टिचकी मारली, दिवा लागला, आणि ती शनिवारची सकाळ असल्याने निवांत आंघोळीला गेली.

दुपारी अडीचला मावशीची हाक आली. "चाळणेऽऽ! लागला गं लागला!"

चाळणी धावली. मावशीने जाळीची टोपी चढवली होती, माशांना शांत करणारं धुरांडं पेटवलं होतं, आणि तिचा हात झाकणावर होता. दिवा खरोखर लागत होता. लागायचा, विझायचा. लागायचा, विझायचा. अगदी संथ आणि नियमित. राणी एवढ्या सावकाश बोलते? चाळणीने कान दिला. पेटीतून नुसती गुणगुण येत होती. पण पेटीच्या स्टँडला खुर्ची टेकवून, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन काका पसरले होते, आणि वर्तमानपत्र फुगलं की दिवा लागत होता.

"मावशी, थांब! हात काढ!" ती ओरडली. "राणी नाही, काका घोरतायत!"

मावशीने हात काढला. चाळणीने काकांना हलवलं. काका उठले, दिवा विझला. पुरावा भक्कम होता.

मीटर लावल्यावर सगळं बाहेर आलं. तीन हजार नऊशेच्या जागी एकोणचाळीस हजारांचे रेझिस्टर बसले होते. दहापट मोठा रेझिस्टर, म्हणून कंपनं दहापट कमी. चारशेची चाळणी चाळीसची झाली होती आणि काकांच्या घोरण्याला अगदी मापात बसली होती.

"अशक्य!" काका म्हणाले. "मी एकेक पट्टी डोळ्यांत तेल घालून बघितलीय."

"काका, या दोघांत फक्त तिसऱ्या पट्टीचा फरक असतो. लाल असली तर तीन हजार नऊशे, नारिंगी असली तर एकोणचाळीस हजार. ही कुठली आहे?"

काकांनी रेझिस्टर उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. "लाल."

"आणि आपलं फाटक?" मावशीने अचानक विचारलं. "मी लाल रंग आणायला सांगितला होता. तुम्ही रंगवलंत ते कुठल्या रंगाने?"

"लालच की."

मावशी आणि चाळणी दोघींनी मान वळवून नारिंगीधमक फाटकाकडे पाहिलं. मग मावशीला हसू फुटलं, ते आवरेचना. काकाही जरा वेळाने ओशाळून हसले. "टपालात पत्ते वाचायचे असतात," ते म्हणाले. "रंग कुणी विचारलेच नाहीत. लहानपणापासून कळत नाहीत मला. लोक हसतील म्हणून बोललो नाही, एवढंच."

"अहो, हसतेच आहे की मी," मावशी डोळे पुसत म्हणाली. "काय बिघडलं?"

चाळणीने चुकीचे सगळे रेझिस्टर बदलले, या वेळी एकेक मोजून. सोबत हेडफोनची जागाही काढून ठेवली, आपल्याला तपासायला म्हणून.

मंगळवारी सकाळी काका दात घासत असताना दिवा लागला. मावशी आणि चाळणी पेटीशी पोचल्या. दोन हातांवरूनच चाळणीला ऐकू आलं. पीं... पीं... पीं, पीं, पीं. बारीक, पण अगदी स्पष्ट. तिच्या अंगावर काटा आला.

मावशीने सवयीने पेटीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग तिने दिव्याकडे पाहिलं आणि मग चाळणीच्या तोंडाकडे.

"तुला ऐकू येतंय?"

नाही म्हणावं, असं चाळणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. "हो," ती म्हणाली.

"एवढ्या लांबून? नुसत्या कानांनी?"

"हो, मावशी."

चाळणीने हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला आणि आवाज वाढवला, आणखी वाढवला, जवळजवळ शेवटपर्यंत. मावशीचे डोळे मोठे झाले. तोंडाला फेस तसाच ठेवून काकाही येऊन उभे राहिले. मावशीने त्यांचा हात पकडला आणि पीं-पींच्या तालावर त्यांच्या मनगटावर बोट आपटायला लागली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

मग तिने हेडफोन काढला, धुरांडं पेटवलं, पेटी उघडली. पाऊण तासात चौकटी दोन पेट्यांत वाटून झाल्या आणि एकही माशी कुठे गेली नाही. टोपी काढताना ती चाळणीला म्हणाली, "काय गं, माणसांच्या बोलण्यासाठी कितीचा रेझिस्टर लागतो?"

"आधी डॉक्टरांकडे जाऊन तुझे कान मोजावे लागतील, मावशी," चाळणी भीत भीत म्हणाली. "प्रत्येकाची चाळणी वेगळी असते."

"मग मोजू की," मावशी म्हणाली. "मी कधी नको म्हटलं? तीन वर्षांत कुणी विचारलंत तरी का?"