डेल्फिनसाठी मांडव

डेल्फिन गुरुवारी मेला. सोमवारी तो मेलाच नव्हता असं ठरलं, आणि ज्यांनी त्याच्यासाठी डोळे सुजवून घेतले होते त्यांनीही आपण रडलोच नाही असा चेहरा केला.

तेव्हा डेल्फिन मेला नव्हता. गोष्ट तिथूनच सुरू करायला हरकत नाही. पण मग रस्त्यात मांडव घालायची परवानगी कुणी दिली हा प्रश्न उरतो. ती लेमुएलने दिली होती.

लेमुएल बारांगायचा, म्हणजे वस्तीच्या कार्यालयाचा, चिटणीस. वय सव्वीस, शिक्के सात. डेल्फिन हा टीव्हीवरच्या साडेसातच्या मालिकेतला गोदी कामगारांचा पुढारी. गुरुवारी मालिकेतल्या नगराध्यक्षाच्या माणसांनी त्याला धक्क्यावर गोळ्या घातल्या. तो जाहिराती संपेपर्यंत मरत होता.

शुक्रवारी सकाळी लोला ताक्या कार्यालयाच्या दारात उभी. लोला म्हणजे आजी. कुणा एकाची नव्हे, सगळ्या वस्तीची. ती पुतो विकायची, तांदळाचे वाफवलेले, आणि लेमुएलची न्याहारी रोज तिच्याच टोपलीतून निघायची. तिचा नवरा अन्सेल्मोही गोदीतला, तोही संघटनेचा. चौऐंशी साली एक जीप आली आणि दोन प्रश्न विचारायचे आहेत म्हणून त्याला घेऊन गेली. ते प्रश्न अजून संपलेले नाहीत.

माणूस गेला की नऊ दिवस मांडवात शेजारीपाजारी जमतात, प्रार्थना म्हणतात. अन्सेल्मोचं तसं काही झालं नाही. मांडवाला मृत्यूचा दाखला लागतो, दाखल्याला प्रेत लागतं. शिवाय 'मेला' हा शब्द ताक्याने कधी तोंडातून काढला नाही. तो कुठे जिवंत असला आणि आपल्या बोलण्यानेच गेला तर? चाळीस वर्षं तिला ते नऊ दिवस तेवढे हवे होते.

मांडव हवाय, डेल्फिनसाठी, ती म्हणाली. कोण डेल्फिन, असं लेमुएलने विचारलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. आदल्या दिवशी तोही रडला होता. त्याने अर्ज पुढे ओढला. मृताचं नाव: डेल्फिन. पत्ता: साडेसात. मृत्यूचा पुरावा: सर्वांनी पाहिला. अर्जदाराचं नातं?

"बायको लिही."

"लोला, मालिकेत बायको आहे त्याला."

"बघितली. रडताना काजळसुद्धा हललं नाही बाईचं. बायको लिही, दोंग."

दोंग म्हणजे पोरा. लेमुएलने लिहिलं आणि शिक्का मारला. हाताला येईल तो मारला. तो कोंबड्यांच्या लसीकरणाचा निघाला.

डेल्फिनचा फोटो फक्त डबाबंद माशांच्या जाहिरातीत मिळाला. नटाच्या हातात डबा होता, त्यामुळे हार डब्यालाही घालावा लागला. पहिल्या संध्याकाळी बारा बाया आल्या, तिसऱ्या दिवशी अख्खी वस्ती आली, आणि तिच्या मागोमाग खरे नगराध्यक्ष आले. निवडणूक जवळ होती. पूर्वी ते सिनेमात नायकाच्या मित्राचं काम करायचे आणि मध्यंतराच्या आधी हटकून मरायचे. लोकांनी त्यांना कीव येऊन निवडून दिलं होतं. मांडव दिसला की ते शिरतात. कोण गेलं हे विचारत बसत नाहीत.

डेल्फिन आपला जुना कार्यकर्ता होता, गेल्याच आठवड्यात त्याचा फोन आला होता, असं त्यांनी सांगितलं. मारेकऱ्यांना सोडणार नाही असंही सांगितलं. मारेकरी कुणाची माणसं होती हे गुरुवारी सगळ्यांनी पाहिलं होतं. लोक नगराध्यक्षांच्या बुटांकडे बघत राहिले.

लोला ताक्याने त्यांच्या हातावर पुतो ठेवला. "नक्की सोडणार नाही ना?"

"शब्द देतो, लोला."

"चौऐंशीतल्यांनाही?"

नगराध्यक्षांनी अख्खा पुतो एकदम तोंडात घातला.

सोमवारी प्रार्थना संपल्यावर मांडवातच टीव्ही लावला, तर डेल्फिन एका कोळ्याच्या झोपडीत उठून बसला. मेला तो त्याचा जुळा भाऊ होता. तो आहे हे तोवर त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. मांडवाने टाळ्या वाजवल्या. ताक्यानेही वाजवल्या, मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मंगळवारी कप्तानांनी, म्हणजे बारांगायच्या प्रमुखांनी, लेमुएलला बोलावून सांगितलं की मयत जिवंत आहे, सबब मांडव बेकायदा आहे, संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा करा. लेमुएल गेला तेव्हा ताक्या स्वतःच फोटो उतरवत होती.

"बरं केलं, आणला त्याला परत," ती म्हणाली. "त्याला लिहिणारे आहेत."

मग तिने लेमुएलच्या खिशातल्या पेनाकडे बघितलं.

"पाच दिवस उरलेत, लोला," तो म्हणाला आणि तिथेच बाकावर अर्ज पसरला. डेल्फिन खोडून त्याने अन्सेल्मो लिहिलं. ताक्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता यायचं.

"मृत म्हणायचं नाही मला त्याला."

लेमुएलने जरा विचार केला आणि छापील 'मृताचं' खोडलं, पत्त्याची आणि पुराव्याची ओळही खोडली. उरलं ते: नाव, अन्सेल्मो. नात्याच्या रकान्यात काही बदलावं लागलं नाही.

संध्याकाळी कप्तान मांडव उतरवायला आले. त्यांनी अर्ज उभ्याने वाचला, टोपी काढली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. नऊ दिवस पुरे झाले. दहाव्या सकाळी ताक्या पुन्हा कार्यालयात आली, आणखी एक अर्ज करायचा म्हणाली, आणि लेमुएलने तो टंकून, या वेळी शिक्का नीट बघून, टपालात टाकला:

"प्रति, कथालेखन विभाग, साडेसातची मालिका. विषय: श्री. अन्सेल्मो पागालान यांना परत आणणेबाबत. महोदय, सदर इसम एकोणीसशे चौऐंशी सालापासून घरी आलेले नाहीत. गेलेला माणूस परत आणण्याचा आपल्या विभागाचा अनुभव विचारात घेता, त्यांना सोयीच्या कोणत्याही भागात परत आणावे, ही विनंती. जुळा भाऊ आवश्यक असल्यास या कार्यालयाची हरकत नाही. परत आणणे शक्य नसल्यास ते निदान सापडावेत, जाहिरातींच्या आधी सापडले तरी चालेल. अर्जदार रोज साडेसात वाजता टीव्हीसमोर हजर असतात, तरी त्यांना वेगळे कळवण्याची गरज नाही."