मिंकाची काळी चौकट

मिंका गेल्याला शनिवारी चाळीस दिवस होणार होते. तिची मुलगी स्पेनमध्ये. आमच्या गावात चाळिसाव्याचा कागद दारादारांवर चिकटवतात, तो तिला दिसणार नव्हता. म्हणून चाळिसाव्याची सूचना मी गावच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर लावली; ती साइट मीच सांभाळते. फोटो टाकला, त्यावर क्लिक केलं, उजवीकडच्या पट्टीतून काळी कड निवडली, सेव्ह केलं.

दुपारी गावातला वेल्चो वाचनालयात आला. गेल्याच आठवड्यात त्याची नव्वदी झाली, तेव्हाचा फोटो साइटवर होता. हातात चार कार्नेशनची फुलं.

"त्सोंका, मी कधी गेलो गं? मला कुणी कळवलं नाही."

"काय बरळतोयस?"

"शेजारची दोन्का ही घेऊन आली. चार. मेलेल्याला देतात तशी, सम; जिवंताला विषम देतात. दार मीच उघडलं, तर पायरीवरच बसली बिचारी."

मी पान उघडलं. वेल्चोला काळी चौकट. नाचाच्या पथकातल्या बायकांना काळी. सरपंचालाही.

"त्याची राहू दे," वेल्चो म्हणाला.

काळी काढली, तर मिंकाचीही गेली. तिची परत लावली, तर वेल्चो परत मेला.

"एकदाच काय ते ठरव, बाई."

"गप्प बस जरा."

गाब्रोवोच्या छापखान्यात मी एकतीस वर्षं खिळे जुळवले. शिशाची काळी पट्टी हाताने उचलायची, त्या एका पानात बसवायची आणि पानाचा फर्मा लोखंडी चौकटीत घट्ट आवळायचा. ती पट्टी कधी आपल्या पायांनी शेजारच्या पानावर गेली नाही. मिंका समोरच्या टेबलावर मुद्रितं तपासायची. माझी चूक दिसली की तोंडाने काही बोलायची नाही, पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करायची. मग मी शोधत बसायचे.

तशीच आता तासभर शोधत बसले. तीनदा पुसलं, तीनदा लावलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पडद्यामुळे असं मी वेल्चोला सांगितलं. शेवटी पट्टीच्या अगदी वर, राखाडी बारीक अक्षरांत दिसलं: स्टाइल 'फोटो', वापर चौदा ठिकाणी. म्हणजे मी मिंकाचा फोटो रंगवतच नव्हते, चौदाही फोटोंची सामाईक स्टाइल रंगवत होते. सकाळपासून ते तिथे लिहिलेलं होतं.

'फोटो' पूर्वीसारखी पांढरी केली. नवी स्टाइल केली, तिला नाव दिलं 'मिंका', ती त्या एकाच फोटोला लावली आणि फक्त तीच काळी केली.

वेल्चोने चष्मा लावून सगळी पानं तपासली.

"मी आहे म्हणायचा?"

"आहेस. काय करणार."

त्याने चारातलं एक फूल माझ्या कॉफीच्या कपात खोचलं आणि उरलेली तीन काखेत मारली. उठता उठता परत मिंकाकडे पाहिलं.

"हिची चौकट जरा जाडच झाली."

"असू दे," मी म्हणाले. "शेवटी शेवटी तिला बारीक रेघ दिसत नव्हती."

मग स्पेनला तिच्या मुलीला त्या पानाचा पत्ता पाठवला.