करंट अज्जाचं वितळणारं तेल

वडगावच्या विणकर गल्लीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ताराबाईंच्या घरात, सुनेच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर खोबरेल तेलाची बाटली उभी होती. डिसेंबरच्या थंडीनं तेल गोठून पांढरंफटक झालेलं. समोर, विजेचं बिल वाढलं म्हणून ताराबाईंनी बोलावलेला, भगव्या शालीतला धिप्पाड गृहस्थ डोळे मिटून पुटपुटत होता. विजेच्या यंत्रातली भुतं काढतो म्हणून लोक त्याला करंट अज्जा, म्हणजे करंटवाले आजोबा, म्हणत.

"यंत्र बंद हाय का न्हाय?" त्यानं गर्दीला विचारलं.

"व्हय!" स्क्रीन काळी दिसत होती ना.

"मग आत ऊब कुणाची? अतृप्त आत्मा बसलाय आत. त्योच करंट पितोय, म्हणून बिल वाढलंय!"

आणि खरंच, बाटलीच्या तळाशी तेल पातळ होऊन चमकू लागलं. बायकांनी हात जोडले. मी याच गल्लीतला निवृत्त विज्ञान शिक्षक, संशय घेणं माझ्या हाडातच आहे. अज्जानं आधी डब्यावर सगळीकडं तळवा फिरवला होता आणि मग बाटली नेमकी वरच्या जाळीवर सरकवली होती. आत्म्याला जाळीच का आवडावी?

तोवर अज्जाचं बोट ताराबाईंच्या सुनेकडं, मंजुश्रीकडं वळलं. "हिच्या पायगुणानं आलाय. यंत्र नदीत सोडा, हिला माहेरी धाडा."

मंजुश्री घरबसल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायची. तिचा चेहरा पडला. नवरा अमृत पॉवरलूम चालवणारा गडी, पण आईपुढं खाली मान घालून उभा. मला संताप आला.

"ताराक्का, सोमवारपर्यंत थांब," मी म्हणालो. "अज्जांनी पुन्हा हेच करून दाखवलं, तर मी बोलणार नाही."

"शंभरदा दाखवतो!" अज्जा फुशारला.

गर्दी पांगल्यावर मी मंजुश्रीला विचारलं, "हा कॉम्प्युटर खरंच बंद असतो का गं?"

"न्हाय सर, नुसती स्क्रीन बंद. आत तीन व्हर्च्युअल मशीन चालू असतात. म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या पोटात तीन कॉम्प्युटर. रात्रीच्या तपासणीला एकच लागतं. बाकीची दोन नुसती बसून असतात."

"बसून असतात, तर पंखा एवढा का घुमतोय?"

तिनं सेटिंग उघडली आणि कपाळावर हात मारला. प्रोसेसर कायम पूर्ण वेगावर ठेवलेला. त्यात ती रिकामी मशीन त्याला सारखं जागं करत होती.

"म्हंजे माग थांबवला तरी मोटर फिरतीच हाय की!" अमृत म्हणाला. अगदी तसंच. कापड निघत नव्हतं आणि वीज जात होती.

मंजुश्रीनं ती दोन मशीन होती त्या स्थितीत सेव्ह करून थांबवली. काम नसेल तेव्हा प्रोसेसरचा वेग उतरेल, अशी सेटिंग केली. पंखा मंदावला, जाळीवरची ऊब जेमतेम उरली. तिचं काम मात्र चालूच राहिलं.

सोमवारी अज्जानं तळवा फिरवला आणि क्षणभर दचकला. मग गळा फाडून मंत्र म्हटले. तेल ढिम्म हललं नाही. पण गडी तयारीचा! "पळाला! माझ्या धाकानं आत्मा पळाला!" लोक पुन्हा हात जोडायच्या बेतात.

"मंजुश्री, सगळं पहिल्यासारखं कर," मी म्हणालो. "आणि आता कुणीच मंत्र म्हणायचा नाही. अज्जा, तुम्हीही."

तिनं दोन्ही मशीन सुरू केली, वेग पुन्हा वाढवला. पंखा घुमू लागला. सगळ्यांचा चहा पिऊन होईस्तोवर तेल तळाशी वितळू लागलं होतं.

"अज्जा, आत्मा परत आला की! बोलावला कुणी?"

अज्जा शाल सावरत दाराकडं सरकला. ताराबाईंनी जाळीवर हात धरला, बराच वेळ धरला. "एवढ्याशा उबेपायी मी पोरीला घालवत होते," त्या म्हणाल्या आणि मंजुश्रीला जवळ घेऊन रडल्या.

बाबांनो, रिकामं चाललेलं यंत्र वीज खातं आणि तापतं. ते थांबवायला बटण पुरतं, मंत्र लागत नाही. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तोच हात त्या वस्तूला लावून बघा. आणि कुणी घरच्या सुनेकडं बोट दाखवलं, तर पहिला संशय त्या बोटाच्या मालकाचा घ्या.