बुटक्यांनी पळवलेला बांध

"आता मी जे सांगणार आहे, ते तुमच्यातल्या एकालाही पटायचं नाही," नोबिलानं सुरुवात केली, तशी कडुलिंबाखालची सगळी मंडळी मांड्या ठोकून बसली. नोबिलाची गोष्ट याच वाक्यानं सुरू व्हायची. याच वाक्यावर त्यानं उंटाला विहिरीत पोहायला शिकवलं होतं, आणि याच वाक्यावर त्याची टोपी वाळूच्या वादळात शेजारच्या देशात गेली, तिकडचं लग्न जेवली आणि दिवेलागणीला परत आली होती.

"बोल गुलामा, बोल," सायकली दुरुस्त करणारा लासिना पारे म्हणाला. मांडीवर ट्यूब घेऊन तो तिला ठिगळ लावत होता. "तुझा धनी ऐकतोय."

"कुत्र्याचं मटण खाऊन तुझे कान बुजलेत, तुला काय ऐकू जाणार?"

मंडळी हसली. लासिना सामो, नोबिला मोस्सी. या दोन जमातींचं थट्टेचं नातं पूर्वजांनी लावून दिलेलं. सामोनं मोस्सीला भर बाजारात, भर मयतीत काहीही बोलावं, त्याच्या घरातली कोंबडी दिवसाढवळ्या उचलावी, आणि मोस्सीनं दात काढावेत. रागावला त्याची अब्रू गेली.

नोबिलानंही दात काढले. समोर भूमीचा धनी बसला होता, ज्याच्या शब्दावाचून कुमटिंगा गावात कुणी जमिनीत कुदळ घालत नाही. तो हसत नव्हता. त्याच्या बाजूला तलातो बसली होती. नवरा जाऊन दोन पावसाळे झाले होते तिचा. तिनं मांडीवर खुरपं आडवं धरलं होतं. किंकिरसी, म्हणजे रानात राहणारे, सहसा कुणाला न दिसणारे बुटके, तिच्या शेतावर कोपलेत असं ठरलं, तर शेत त्यांच्या नावानं सोडायचं आणि खुरपं इथंच भूमीच्या धन्यापुढं ठेवायचं, अशी रीत. आणि बुटके पाहिलेला माणूस अख्ख्या गावात एकच होता.

आता त्यानं काय पाहिलं होतं, ते ऐका.

कुमटिंग्यात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, दरोडेखोरासारखा येतो. येतो, माती उचलतो, पळतो. त्यावर उपाय म्हणून मागं कधीतरी प्रकल्पवाले आले. नळीत पाणी भरून उताराची पातळी कशी काढायची ते त्यांनी शिकवलं, ट्रकनं दगड आणून टाकले, आणि गावच्या बायांनी डोक्यावरून वाहून ते उताराला आडवे रचले. बांधामागं खड्डे, खड्ड्यांत शेणखत. जिथं बकरी बसायला तयार नव्हती, तिथं पुरुषभर बाजरी उभी राहिली! मग प्रकल्प संपला, त्याच्या कचेरीत शिंप्याचं दुकान आलं, ट्रक यायचा बंद झाला. जवळपासचे दगड कधीच वेचून झाले होते. तेव्हापासून कुमटिंग्यात दगड म्हणजे दुभती गाय. कुणाची कोणती, सगळ्यांना ठाऊक.

हे ठाऊक असूनही नोबिलानं केलं ते केलंच. त्याचा मुलगा दूरच्या आबिजान शहरातून सासरच्या मंडळींना घेऊन येणार होता, आणि नोबिलानं फोनवर व्याह्याला सांगून ठेवलं होतं की माझी कणगी इतकी उंच, की करकोचेसुद्धा वळसा घालून जातात. खरी कणगी वाळवीनं खाल्लेल्या लाकडांवर कलंडून उभी होती. म्हणून एका बाजाराच्या दिवशी, गाव बाजारात असताना, तो गाढवगाडी घेऊन तलातोच्या बांधावर गेला. मधल्या रांगेत गवत दाट होतं. चार दगड उचलले तर बांध थोडाच रडणार आहे? चार म्हणता म्हणता गाडी भरली. आरपार भोक असलेला एक मोठा चपटा दगड होता, तलातोचा नवरा त्याला गाढव बांधायचा. तोही गाडीत गेला. दगडांवर कणगी उंच, सरळ उभी राहिली; भोकाचा दगड तिच्याखाली मागच्या अंगाला रचून, वरून चिखलाचा गिलावा देऊन नोबिलानं तो झाकला.

व्याही आले, कणगी बघून मान डोलावली, कोंबडा खाऊन गेले.

आणि मग दरोडेखोर आला. पाण्याला बांधातली फट सापडली. कोवळी बाजरी, खत, खड्डे, सगळं धुऊन ओढ्याला गेलं. सकाळी गाव जमलं तेव्हा तलातो उपटलेलं एक रोप हातात धरून उभी होती. दगड कुणी नेले? जो तो दुसऱ्याच्या अंगणाकडं बघायला लागला. नोबिलानं सवयीनं तोंड उघडलं. "मी पाहिलंय. बुटक्यांनी नेले. पण तुम्हाला पटायचं नाही."

लोक हसतील, हसता हसता विसरतील, असा त्याचा हिशेब. लोक हसलेसुद्धा. तलातो हसली नाही. ती त्याच्या घरी आली, पांढरी कोंबडी घेऊन.

"बाबा, तुम्हाला ते दिसतात. त्यांना विचारा ना, माझ्या हातून काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही, पोरी."

"मग उगाच कोण कुणाचे दगड नेईल?"

कोंबडी अंगणात राहिली. रोज अंडं घालायची आणि गावभर ओरडून सांगायची. नोबिलाला घाटा गिळवेना. बायको म्हणाली, "दात दुखतो का?" तो म्हणाला, "हो." कणगीच्या मागच्या बाजूला जायचंच त्यानं सोडून दिलं. खरं सांगून टाकायला तो तलातोच्या झोपडीपर्यंत कितीदा तरी जाऊनही आला. पण ती वाळल्या भोपळ्याच्या भांड्यातून पाणी पुढं करायची, गुडघे टेकून, अगदी वडीलधाऱ्याला द्यावं तसं. मग तो बुटक्यांचंच आणखी थोडं सांगून परतायचा. एकदा तर त्यांच्या दाढ्यांचा रंग सांगून आला.

असं करता करता गोष्ट भूमीच्या धन्याच्या कानावर गेली होती, आणि आज ही बैठक.

"तर ते आले रांगेनं," नोबिला सांगू लागला. "गुडघ्याएवढे. पावलं उलटी. आपल्या बाया वाहायच्या तसे दगड डोक्यावर. पुढच्याच्या डोक्यावर ट्रकवाल्याची टोपी!"

"ट्रक कुठाय विचारलंस का?" कुणीतरी ओरडलं.

"विचारलं. म्हणाला, डिझेल नाही."

कडुलिंबाखाली हशा पिकला. भूमीच्या धन्यानं हात वर केला तसा तो विरला.

"नोबिला, एवढंच सांग. त्यांनी शेत मागितलं का?"

"मागितलं असेल तर मी ठेवते," तलातो हळूच म्हणाली आणि खुरपं उचललं. त्याची मूठ हातानं घासून घासून मधोमध बारीक झाली होती. नोबिलाची नजर त्या मुठीवरून हलेना. हो म्हटलं, तर हिचं शेत गेलं. नाही म्हटलं, तर बुटके आलेच कशाला, हे सांगणं आलं.

"शेत नाही मागितलं!" तो एवढ्या मोठ्यानं बोलला की लासिनाचा ट्यूबवरचा हात थांबला. "शेताशी त्यांचं काही देणंघेणं नाही. हिच्यावर राग तर मुळीच नाही. त्यांना... त्यांना एक दगड आवडला होता."

"कोणता दगड?"

का कुणास ठाऊक, पण ते नाव जीभच बोलून गेली. "तो भोकाचा. गाढव बांधायचा."

तलातोनं मान वर केली. नोबिलाला क्षणभर फार हलकं वाटलं आणि लगेच भीती वाटली, मग भीतीपोटी तो पुढं पळत सुटला. "त्यांच्या म्होरक्यानं गंमत म्हणून त्यात डोकं घातलं, ते अडकलं! सगळ्यांनी ओढलं, निघेना. शेवटी दगड तसाच गळ्यात घालून गेला तो टेकडीपलीकडं. बाकीचे दगड लाजेपोटी नेले, कुणाला कळू नये म्हणून. तो भोकाचा दगड आता कुठल्याही माणसाच्या नजरेला पडायचा नाही!"

मंडळी डोळे पुसत हसत होती. लासिना मात्र ट्यूब बाजूला ठेवून उभा राहिला आणि त्यानं पाटलोण गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघा सोललेला होता.

"थांब गुलामा. सकाळी तुझी ती पांढरी कोंबडी चोरायला आलो होतो मी, माझ्या हक्कानं. ती पळाली कणगीमागं, मी तिच्यामागं. कालच्या सरीनं तिथला गिलावा उतरलाय. एका दगडाच्या भोकात पाय अडकून मी हा असा तोंडावर पडलो. आता तूच सांग या तलातोला, खोटारड्या, तो तुझा बुटका तुझ्याच कणगीखाली राहतो का?"