ओळीखालची पट्टी

माझ्या अंगावरचा एकचा आकडा पार पुसला गेला आहे आणि दोनची नुसती शेपटी उरली आहे. यावरून माझे वय ताडा, मित्रांनो! मी लाकडी फूटपट्टी. रंध्याखाली तासून आणि घासून मी गुळगुळीत झाले आणि नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत आजोबांच्या टेबलावर आले. तेव्हा ते आजोबा नव्हते म्हणा, काळ्याभोर केसांचे तरुण होते.

माझ्या कडेने त्यांनी पूल आखले, शाळा आखल्या, दवाखान्यांचे जिने आखले. "पट्टी असावी तर अशी, केसभर हलत नाही," असे ते शेजारच्या टेबलाला सांगत आणि मी आणखीच ताठ होई. पुढे कचेरीत संगणक आले. आजोबा निवृत्त झाले तेव्हा मला पिशवीत घालून घरी घेऊन आले, पण घरी आखायचे काय? मी खणात पडले. कपाटाखाली गेलेले बाटलीचे झाकण ओढायला तेवढी माझी आठवण होई. पूल आखणाऱ्या पट्टीवर काय ही पाळी!

या घरातल्या आजी रेडिओवर बातम्या वाचत असत. दुकानात त्यांनी साबण मागितला तरी लोक वळून बघत, असा तो आवाज. नोकरी संपल्यावर त्या रोज संध्याकाळी आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागल्या. खणातून मीही ऐके.

एके सकाळी आजींच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. दवाखान्यातून त्या परतल्या तेव्हा डावा हात लुळा पडला होता, पण आवाज तोच होता. आजोबांनी लगबगीने वर्तमानपत्र पुढे केले. आजींनी खणखणीत वाचले, "महापौरांनी केळी खाऊन झाडावर उडी मारली."

"अगं, महापौरांनी?"

"छापलंय तसं वाचलं. हल्ली कुणाला धड लिहिताच येत नाही!"

आजोबांनी कागद पाहिला. महापौरांनी प्राणिसंग्रहालयात फीत कापली होती, उडी मारणारे माकड होते. प्रत्येक ओळीचा डावा भाग आजींनी गाळला होता. आजोबा हसले नाहीत. पाणी आणतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मग वाचा-उपचार करणाऱ्या ताई येऊ लागल्या. त्यांनी आजोबांना समजावले, "डोळे चांगले आहेत. मेंदू डावी बाजू धरतच नाही. आणि जे लिहिलेलं नसतं, पण आपण ओळखतो ना, तेही त्यांना अवघड जातंय. घरात एखादी सरळ पट्टी आहे का?"

आजोबा खणाकडे अक्षरशः धावले!

ताईंनी माझ्या डाव्या टोकाला लाल दोरा बांधला आणि मला ओळीखाली ठेवले. "आजी, लाल दोरा दिसेपर्यंत डावीकडे यायचं, मगच ओळ सुरू करायची. आधी मथळा वाचा. आत काय असेल, ते सांगा बघू. परिच्छेद झाला की थांबा, आणि तुमच्या शब्दांत सांगा."

"सगळ्या गावाला मी वाचून दाखवलं," आजी कडाडल्या, "आणि तू मला वाचायला शिकवतेस?"

"वाचता तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी छान. मी फक्त मध्ये मध्ये थांबवणार."

हे थांबणेच आजींना सोसत नसे. एकदा त्यांनी मला भिंतीवर भिरकावले. माझा कोपरा उडाला. आजोबांनी मला उचलले आणि हलकेच म्हणाले, "तू नाही वाचलंस, तर जगात काय चाललंय ते मला कोण सांगणार?"

"मला कळलं तर सांगीन ना! शब्द सगळे दिसतात हो. पण कळत काही नाही." आजींना रडू कोसळले.

ताई त्यांच्याजवळ बसल्या. "आजवर तुम्ही लिहिणाऱ्याला दोष देत होतात. आज म्हणालात, मला कळलं नाही. आता आपली गाडी चालू लागली, आजी. जिथं कळत नाही तिथं पट्टी मागं न्यायची. मागं जाण्यात कसली आलीय लाज?"

तेव्हापासून मी खाली जाई, वर येई, पुन्हा खाली जाई. कोण? कुठे? का? आजी स्वतःच विचारू लागल्या. आणि मग तो दिवस आला. ताईंनी एका मासिकातला विनोद पुढे ठेवला :

"शेजाऱ्यांनी बासरी शिकायला घेतली. आठवड्याभरात आमचा कुत्रा घर सोडून गेला. मी त्याला शोधायला निघालो. तो सापडला. आता आम्ही दोघे सुखात आहोत. नवा पत्ता कुणाला कळवलेला नाही."

"कुत्रा सापडला. बरं झालं," आजी म्हणाल्या.

"पण नवा पत्ता कशाला?" ताईंनी विचारले.

आजींनी मला पहिल्या ओळीखाली नेले. बासरी. मग कुत्रा. मग पुन्हा बासरीपाशी आणले. आणि एकाएकी आजी हसल्या! आधी नाकातून, मग पोट धरून. "अहो, ऐकलंत का? बासरी इतकी भयंकर, की कुत्र्यापाठोपाठ मालकानंही पळ काढला!" त्यांनी ती बासरी तोंडाने वाजवून दाखवली. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. ताई खिडकीबाहेर बघू लागल्या.

मित्रांनो, मी त्या ओळींखालीच होते. एकेक अक्षर माझ्या अंगावरून गेले. 'बासरी बेसूर होती' असे तिथे कुठेही छापलेले नव्हते. 'मालक पळाला' असेही नव्हते. मग आजींना ते दिसले कुठे? मी पूल उभे राहताना पाहिले आहेत, पण दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत, काहीच नसताना, माणूस एवढे मोठे काही उभे करतो, हे पाहून मी थक्क झाले. आजही मला त्याचा उलगडा होत नाही.

अजूनही एखाद्या दिवशी आजींचा डावीकडचा शब्द निसटतो. मग त्या स्वतःच "थांबा हं, काहीतरी चुकतंय" म्हणतात आणि मागे येतात. परवा मात्र त्या एका गोष्टीत अशा रंगल्या, की मला पुढे सरकवायचेच विसरल्या. त्या पान उलटून गेल्या आणि मी आधीच्या पानाखाली दबून राहिले. इतके सुखाने मी कधीच पडून राहिले नव्हते.

माझी एवढीच विनवणी आहे. पट्टीने कुणाला मारू नका, तिच्या तलवारी करू नका. आणि वाचताना एखादे वाक्य कळले नाही, तर त्याला एकटे टाकून पुढे पळू नका. त्याच्यापाशी जरा बसा.